सिस्टर तिसऱ्या मजल्यावर येत नसत

मी कॉलेजात समुपदेशक म्हणून लागले तेव्हा आरोग्यखोलीतल्या सिस्टरांची इथे सोळा वर्षं झाली होती. पुढच्या सहा वर्षांत त्या माझ्या खोलीत एकदाही आल्या नाहीत. त्यांची खोली तळमजल्यावर, माझी तिसऱ्यावर, मध्ये बासष्ट पायऱ्या. काही काम निघालं की त्या शिपाईदादांबरोबर चिठ्ठी पाठवायच्या: ‘मॅडम, वेळ मिळाला की खाली या.’ मी नाक मुरडत खाली जायचे. मानसशास्त्रात एवढं शिकून, दारावर पाटी लावून बसलेली मी, आणि मला असं चिठ्ठीने बोलावणं यायचं. बाईंना आपल्या खुर्चीचा फार तोरा आहे असं मी ठरवून टाकलं होतं. माणसं ओळखणं हाच माझा व्यवसाय असल्यामुळे मला शंकासुद्धा आली नाही.

सिस्टर ठेंगण्या होत्या, पन्नाशीच्या आसपासच्या. अंगात पांढरा कोट, आणि कोटाच्या खिशाला उलटं टांगलेलं घड्याळ, म्हणजे मान खाली घातली की त्यांना वेळ दिसायची. बोलणं तुटक. चार-पाच शब्द झाले की थांबायच्या, मग पुढचे चार-पाच. मुलं त्यांची नक्कल करायची. त्यांचं ठरलेलं वाक्य एकच होतं: “सांगू नकोस, दाखव.” पोट दुखतंय म्हणणाऱ्याने कुठे ते बोट ठेवून दाखवायचं, गोळ्या घेतो म्हणणाऱ्याने पाकीट दाखवायचं. एका मुलाने “मन लागत नाही सिस्टर” म्हटलं, तर त्यालाही त्या म्हणाल्या, “दाखव, कसं लागत नाही.” तो बिचारा हसायला लागला, आणि हसता हसता रडला. मला त्याला रडवायला तीन भेटी लागल्या असत्या.

त्यांच्या खोलीत दोन खाटा होत्या, काटा अडकणारा एक वजनकाटा होता आणि मधोमध एक लांब स्टीलचं टेबल. त्यावर जखमेच्या पट्टीचं जाळीदार कापड कापून त्याच्या घड्या घालायचं काम बारा महिने चालू असायचं. नंबर येईपर्यंत थांबलेल्या मुलांनी घड्या घालायच्या हा नियमच होता. मला वाटायचं, बाई फुकटात काम करून घेतात. एकदा तसं बोलूनही दाखवलं. सिस्टर म्हणाल्या, “श्वास मोजतेय म्हटलं, की माणूस श्वास बदलतो. घड्या घालताना, बदलत नाही.” मान खाली घालून त्या घड्याळात बघायच्या ते त्यासाठी होतं. मी तेव्हा मान डोलावली आणि वर जाऊन विसरूनही गेले.

आता शिट्टीबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यापासून सुरू झालं. शिट्टी म्हणजे रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची मुलगी. रात्री झोपेत तिच्या छातीतून बारीक शीळ यायची म्हणून हॉस्टेलच्या मैत्रिणींनी हे नाव ठेवलं होतं, आणि तीही त्या नावाला ओ द्यायची. अभ्यासात पुढे, हात हलका, स्वभाव गरीब. पण आदल्या वर्षीच्या प्रॅक्टिकलमधून ती अर्ध्यावर उठून गेली होती आणि नापास झाली होती. हॉस्टेलचा नियम असा की एकाच विषयात दुसऱ्यांदा नापास झालं की खोली सोडायची. खोली सुटली म्हणजे घरी परत जायचं. घरी आईने आधीच सांगून ठेवलं होतं की एक वर्ष गेलं ते गेलं, दुसरं नाही जाऊ द्यायचं. म्हणजे या एका प्रॅक्टिकलवर तिचं शिक्षण टांगलेलं होतं, आणि ते तिला झोपेतही आठवत होतं.

केमिस्ट्रीच्या सरांनी तिला माझ्याकडे पाठवलं. “परीक्षेची धास्ती घेते,” ते म्हणाले. ती आली तेव्हा धापा टाकत होती. बोटं थरथरत होती, ओठ कोरडे, आणि वाक्य पुरं होत नव्हतं. मी पहिल्या भेटीच्या फॉर्मवर लिहिलं: ‘श्वास जलद, अस्वस्थता तीव्र.’ दुसऱ्या भेटीतही तेच लिहिलं आणि तिसऱ्या भेटीतही. बासष्ट पायऱ्या चढून आलेल्या दमेकरी मुलीचा श्वास बघून मी तिच्या मनाचं निदान करत होते. आज हे लिहिताना कान गरम होतात.

दमा आहे हे तिने मला सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं, पण “त्याचं औषध डॉक्टर देतात” असं म्हणून. आणि मी ‘बरं’ म्हणून पुढे गेले होते. कॉलेजात डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, दुपारी दोन ते चार, म्हणून मुलांनी त्यांचं नावच दोन-ते-चार ठेवलं होतं. चांगला माणूस, पण रांग मोठी आणि घड्याळ डोक्यावर. त्यांनी तिला दोन इनहेलर दिले होते. एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, दुसरा धाप लागली तर. शिवाय एक कागद दिला होता, धापेचा इनहेलर कधी घेतला ती वेळ लिहायला. मीही तिला एक कागद दिला होता, छातीत धडधड कधी झाली ती वेळ लिहायला. धडधड झाली की डोळे मिटायचे, चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, चार मोजत सोडायचा, दहा मिनिटं. मुलगी इतकी आज्ञाधारक की दोघांचेही कागद न चुकता भरत होती, आणि दिवसेंदिवस खराब होत चालली होती.

परीक्षेला पाच आठवडे उरले असताना माझ्या खोलीत तिला जास्तच झालं. मी तिला शिपाईदादांबरोबर खाली पडून राहायला पाठवलं. अर्ध्या तासाने चिठ्ठी आली: ‘मॅडम, तुमचा कागद आणि डॉक्टरांचा कागद. दोन्ही येऊन बघा.’ या वेळी मात्र ‘वेळ मिळाला की’ नव्हतं.

मी तणतणतच उतरले. शिट्टी खाटेवर उशीला टेकून बसली होती, चेहरा बराच निवळला होता. सिस्टरांनी तिला पिशवीतलं सगळं काढून दाखवायला लावलं होतं आणि त्यातून आमचे दोन कागद निघाले होते. ते त्यांनी टेबलावर घड्यांच्या ढिगाशेजारी एकाला एक लावून ठेवले होते. मग ओळींवरून नुसतं बोट फिरवलं. सोमवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी इनहेलर. सोमवारी नऊ वीसला धडधड. बुधवारी साडेचारला इनहेलर, चार चाळीसला धडधड. सगळीकडे तसंच. ज्या इनहेलरने छाती मोकळी होते त्यानेच थोडा वेळ धडधडतं, हात कापतात, हे सिस्टरांना ठाऊक होतं, डॉक्टरांना ठाऊक होतं. मुलीला ठाऊक नव्हतं. आणि मला ठाऊक असायला हवं होतं.

“मग हे तू डॉक्टरांना का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“धाप डॉक्टरांची ना, मॅडम,” ती म्हणाली. “धडधड तुमची.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. तिला वाटलं होतं की धडधड म्हणजे भीती, भीती वाढते इनहेलरने, म्हणून तिने धापेचा इनहेलर शक्यतो टाळायला सुरुवात केली होती. आधी दहा मिनिटं माझे आकडे मोजायचे, अगदीच जीव कासावीस झाला की इनहेलर. आणि दोन्ही एकाच जातीचे असतील म्हणून रोजचाही बंद केला होता. दोन शहाणी माणसं एका मुलीवर उपचार करत होती आणि दोघांचे उपचार एकमेकांच्या पायात पाय घालत होते.

“आता इनहेलर कसा घेतेस?” सिस्टरांनी विचारलं. ती सांगायला लागली. “सांगू नकोस, दाखव.” तिने दाखवलं. अर्धं औषध तोंडाबाहेर गेलं आणि उरलेलं जिभेवर. सिस्टरांनी कपाटातून प्लास्टिकची जाडी नळी काढली, तिच्या एका टोकाला इनहेलर बसवला, दुसरं टोक तिच्या ओठांत दिलं, आणि औषध आत सोडून सावकाश श्वास घ्यायला सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या. “आता, तुमचे चार आकडे. आधी नाही. औषधानंतर.”

पुढच्या बुधवारी दोन वाजता त्यांनी आम्हाला सगळ्यांना त्या टेबलाभोवती बसवलं. डॉक्टर, केमिस्ट्रीचे सर, हॉस्टेलच्या वॉर्डनबाई आणि मी. मी जाण्याआधी भांडले. माझ्या खोलीत बोललेलं बाहेर जाणार नाही असा मी मुलांना शब्द देते, आणि तेच मी टेबलावर मांडायचं का? माझं म्हणणं चुकीचं नव्हतं, अजूनही नाही. सिस्टरांनी ते नीट ऐकून घेतलं. “खरंय,” त्या म्हणाल्या. “मग तुम्ही नका बोलू. मीही नाही. तिलाच बसवू. काय सांगायचं, ते ती ठरवेल.”

तर मधल्या खुर्चीत शिट्टी बसली, समोर घड्या घालायला कापड. आणि ती बोलली. आईने प्रवेशाच्या फॉर्मवर ‘आजार नाही’ लिहायला लावलं होतं, कारण दमा म्हटलं की लॅबमध्ये घेणार नाहीत. म्हणून लॅबमध्ये ती इनहेलर पिशवीतून बाहेरच काढत नव्हती. गेल्या वर्षी शेजारच्या टेबलावरचा वास छातीत बसला आणि चारचौघांत इनहेलर काढायची लाज वाटली म्हणून ती उठून गेली होती. सर खजील झाले. “अगं, मला वाटलं तुला येत नाही म्हणून पळालीस,” ते म्हणाले. वॉर्डनबाईंनी सांगितलं की तिची खोली झाडू मारायच्या खोलीशेजारी आहे आणि धूळ सगळी तिकडेच जाते. हे त्यांना तीन वर्षं माहीत होतं, पण कोणी विचारलंच नव्हतं. डॉक्टर त्या दिवशी साडेचारपर्यंत थांबले.

त्या बैठकीतून एक कार्ड तयार झालं, पोस्टकार्डाएवढं. रोजचा इनहेलर वॉर्डनबाईंसमोर दात घासण्याआधी. धाप लागली तर नळीतून दोन वेळा औषध, मग चार आकडे. नंतरची धडधड औषधाची आहे, भीतीची नाही. खोली बदलायची. लॅबमध्ये खिडकीजवळचं टेबल. परीक्षेत धाप लागली तर दहा मिनिटं मोजणीबाहेर, ती सर नंतर वाढवून देतील. परीक्षा चालू असताना मॅडम बाहेर बाकावर बसतील. सगळ्यात खाली एक ओळ: ‘धाप लागली तर कोणाला बोलवायचं?’ तिथे सिस्टरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘सिस्टर’. कार्ड मुलीच्या ताब्यात, सह्या आमच्या. माझी खोलीही दोन आठवड्यांत तळमजल्यावर आली. पाटी उपटताना भिंतीचा पोपडा निघाला, तो तसाच आहे. शिट्टीचं कार्ड बघून इतर दमेकरी मुलंही पुढे आली, आणि दर बुधवारी त्या टेबलावर नवी कार्डं होऊ लागली.

त्या पाच आठवड्यांत शिट्टी सुधारली. एकदम नाही. एकदा मध्येच रडली, एकदा रोजचा इनहेलर विसरली आणि वॉर्डनबाईंची बोलणी खाल्ली. पण झोपायला लागली. भीती होतीच. भीती गेली असं मी म्हणणार नाही. मात्र आता तिला भीती कुठली आणि दमा कुठला हे वेगळं करता येत होतं, आणि तेवढ्याने माणसाला उभं राहायला जमीन मिळते.

परीक्षेच्या दिवशी मी ठरल्याप्रमाणे तिसऱ्या मजल्यावर लॅबबाहेरच्या बाकावर बसले. दार बंद, वर काचेचा चौकोन. आत शिट्टी खिडकीशी उभी होती. काचेच्या उभ्या नळीतून खालच्या चंचुपात्रात एकेक थेंब सोडायचा आणि द्रव फिकट गुलाबी झाला की थांबायचं असं तिचं काम. एक थेंब जास्त पडला की सगळं पहिल्यापासून. साधारण तासाभराने तिने नळी बंद केली, हात वर केला, पिशवीतून इनहेलर आणि प्लास्टिकची नळी काढली आणि सगळ्यांसमोर शांतपणे दोनदा औषध घेतलं. सरांनी घड्याळ बघून वहीत टिपलं. मी बाहेरून तिच्या खांद्यांकडे बघत होते. आकडे मोजतेय हे मला दिसत होतं. माझा जीव भांड्यात पडला.

पण लॅबमधल्या काकांना सिस्टरांनी सांगून ठेवलं होतं की पोरीने इनहेलर काढला तर मला फोन करून सांगा. काकांनी फोन लावला, “सिस्टर, पोरगी इनहेलर घेतेय,” एवढंच सांगितलं आणि हातातलं द्रावण सांडू नये म्हणून फोन ठेवून दिला. खाली सिस्टरांना काय वाटलं असेल ते वाटलं.

मला आधी जिन्यात पावलं ऐकू आली, मग एक आवाज. बारीक, लांबलेली शीळ. मला वाटलं आतून येतेय, म्हणून मी काचेकडे बघितलं. तेवढ्यात सिस्टर शेवटच्या पायरीवर आल्या. एका हातात त्यांची पेटी, दुसरा कठड्यावर. चेहरा राखाडी, मानेच्या शिरा ताणलेल्या. त्यांनी मला काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि शब्द आलाच नाही. सहा वर्षांचा तोरा, चिठ्ठ्या, चार-चार शब्दांची वाक्यं, सगळं मला त्या एका क्षणात कळलं, आणि कळूनही मी नुसती उभी राहिले. पुस्तकात वाचलेलं एकही अक्षर आठवेना. कार्डावर आम्ही सगळं लिहिलं होतं, सिस्टर वर कशा येणार हे कोणीच लिहिलं नव्हतं.

दार मी उघडलं की आतून उघडलं ते आठवत नाही. शिट्टीने टेबलावरूनच शीळ ओळखली होती.

“सर,” ती म्हणाली, “माझी तीनच मिनिटं वापरलीत ना? उरलेली सात आता सुरू करा.”

सरांनी घड्याळ बघून वहीत टिपलं. ती बाहेर आली, सिस्टरांना बाकावर बसवलं, पुढे थोडं झुकवलं, कोपर गुडघ्यांवर टेकवायला लावले. सिस्टर हाताने ‘जा, जा’ करत होत्या. “औषध कुठंय?” तिने विचारलं. सिस्टर मान हलवून नाही नाही करायला लागल्या. “सांगू नका, सिस्टर,” ती म्हणाली, “दाखवा.” सिस्टरांनी डोळे मिटले आणि कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवला. तिथे इनहेलर होता, झिजलेला, वरचा कागद निघून गेलेला. शिट्टीने तो हलवला, पेटीतली कोरी नळी काढून लावली, सिस्टरांच्या ओठांत दिली. एकदा, मग थांबून पुन्हा एकदा. मग त्यांच्या समोर गुडघ्यावर बसून आकडे मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार. मी डॉक्टरांना फोन लावला. तेवढं तरी केलं.

सहाव्या मिनिटाला सिस्टरांच्या चेहऱ्यावर रंग आला. “तुझा पेपर,” त्या म्हणाल्या. त्यांचं पहिलं वाक्य दोनच शब्दांचं होतं. शिट्टी उठली आणि आत गेली. तिचे हात कापत होते, मला काचेतून दिसत होते. तिने दोन्ही हातांनी नळीची काचेची चावी धरली आणि हात कापू दिले. थेंब पडला. दुसरा पडला. द्रव गुलाबी झाला आणि तिने चावी बंद केली.

ती पास झाली. पहिली वगैरे आली नाही, बरे गुण मिळाले. खोली राहिली, आणि पुढचं शिक्षणही.

पण मला सांगायचंय ते परीक्षेच्याच आठवड्यातल्या बुधवारचं. दोन वाजता आम्ही टेबलाभोवती बसलो तेव्हा मधल्या खुर्चीत सिस्टर होत्या. समोर कापड ठेवलेलं, आणि त्या घड्या घालत होत्या. शिट्टीला डॉक्टरांनी मुद्दाम बोलावलं होतं. तिने कोरं कार्ड पुढे ओढलं आणि सिस्टरांचंच वाक्य सिस्टरांना म्हणाली, “काय सांगायचं, ते तुम्ही ठरवा.”

सिस्टरांनी आणखी दोन-तीन घड्या घातल्या. डॉक्टर मान खाली घालून घड्याळाकडे बघत होते आणि मला समजलं की ते श्वास मोजताहेत. शेवटी सिस्टर म्हणाल्या, “नोकरीला लागताना, फॉर्मवर लिहिलं होतं. दमा नाही. बावीस वर्षं, ते खरं करून दाखवलं.” मग हसल्या. “फक्त जिने सोडले.” मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. सहा वर्षं मी या बाईवर मनातल्या मनात रागावत होते, आणि त्या दर वेळी चिठ्ठीत ‘वेळ मिळाला की’ असं लिहीत होत्या.

कार्ड भरत गेलं. रोजचं औषध कुठलं, ते डॉक्टरांनी लिहिलं. वरच्या मजल्यावर कोणाला काही झालं तर पेटी घेऊन कोण जाईल, ते सरांनी लिहिलं. मग शेवटची ओळ आली: ‘धाप लागली तर कोणाला बोलवायचं?’ तोवर कॉलेजात अशी एकेचाळीस कार्डं झाली होती आणि एकेचाळीस कार्डांवर त्या ओळीत ‘सिस्टर’ असं लिहिलेलं होतं. सिस्टरांनी पेन घेतलं, टेकवलं आणि थांबल्या.

“इथे काय लिहू?” त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, आमच्याकडे बघून.

शिट्टीने त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि आपल्या हॉस्टेलच्या खोलीचा नंबर लिहिला. त्याखाली मी माझा फोन लिहिला. सिस्टरांनी दोन्ही वाचलं, शाई वाळेपर्यंत कार्ड हातात धरलं, आणि आतल्या खिशात इनहेलरशेजारी ठेवून दिलं.